वरीलप्रमाणे

ती कामावरून घरी आली, चपला काढून वळली आणि बघते तो पुस्तकबांधणीच्या दाबयंत्राच्या ऐन कपाळावर एक गोल पिवळा स्टिकर. नखाएवढा. सकाळी जाताना नव्हता. जेवायच्या टेबलावर दिराची चिठ्ठी होती, पेल्याखाली नीट दाबून ठेवलेली: ‘वहिनी, दुपारी येऊन सगळं चिकटवून गेलो. निळे तुमचे, पिवळे आमचे. एकदा नजर टाका, म्हणजे रविवारी घोळ नको.’ तिने नजर टाकली. सोफा निळा. मोठं कपाट पिवळं. सासऱ्यांची आरामखुर्ची निळी, जी तिला फुकट दिली तरी नको होती. आरसा निळा, घड्याळ पिवळं, पंखासुद्धा पिवळा. म्हणजे या माणसाने स्टूल ओढून, वर चढून, पंख्याला स्टिकर लावला होता. दीर पहिल्यापासूनच कामाला चोख. या सगळ्याचं तिला काही वाटलं नाही. घर सासऱ्यांचं, सामान सासऱ्यांचं. ते गेल्यावर दोन्ही मुलांचं, आणि थोरला, म्हणजे तिचा नवरा, चौदा महिन्यांपूर्वी गेल्यावर दिराचं आणि तिचं. घर विकायचं ठरलं होतं, सामान निम्मं निम्मं वाटायचं ठरलं होतं, आणि याबद्दल कुणी कुणाला वेडावाकडा शब्द बोललं नव्हतं. फक्त दाबयंत्र सासऱ्यांचं नव्हतं. ते तिचं होतं. तिच्या वडिलांनी तिला लग्नात दिलेलं.

तिने स्टिकरच्या कडेला नख घातलं. अर्धा निघाला, अर्धा तिथेच राहिला, पांढरट, केसाळ. तिला आधी राग आला तो गोंदाचा. हलका गोंद, याचा डाग पडतो, लोखंडावरसुद्धा पडतो, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती, कारण तिचा अख्खा दिवस दुसऱ्यांनी लावलेले गोंद काढण्यात जायचा. जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात ती बावीस वर्षं कागद दुरुस्त करत होती आणि त्यांच्या याद्या करत होती. लावताना माणसं विचार करत नाहीत, काढणाऱ्याने काढत बसायचं. मग गोंदावरचा राग ओसरला आणि खालचा खरा राग वर आला, आणि तिने दिराला फोन लावला.

“भाऊजी, यंत्रावर चुकून पिवळा लागलाय.”

“त्या धुडावर? नाही वहिनी, तो बरोबर आहे. आमच्या सूनबाईला हवंय ते. तिच्या कॉफीच्या दुकानात दाराशी ठेवणार, वर कुंडी वगैरे. छान दिसेल म्हणते.”

“ते माझं आहे.”

“तुमचं म्हणजे?”

“माझं म्हणजे माझं. माझ्या वडिलांनी मला दिलेलं.”

पलीकडे दूरदर्शनचा आवाज कमी झाला. “वहिनी, मी कुठे नाही म्हणतोय? पण मी आपला यादीप्रमाणे चाललोय. त्यात सगळं बाबांच्या नावावर आहे.” मग तो अगदी हळुवारपणे, एखाद्या आजाऱ्याला औषधाची वेळ सांगावी तसं म्हणाला, “आणि यादी तर तुमच्याच अक्षरातली आहे.”

ती यादी तिला लख्ख आठवली. नऊ वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचा नळ फुटला होता आणि छतातून पाणी आलं होतं, तेव्हा विमावाल्यांनी घरातल्या सामानाची यादी मागितली होती. घरात चौघं माणसं, पण यादी म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. जणू शिंप्याच्या घरात बटण तुटलं होतं. आणि तिलाही, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. दोन संध्याकाळ खपून तिने यादी केली. रेघा आखल्या, रकाने पाडले: वस्तू, वर्णन, स्थिती, मालक. विमा सासऱ्यांच्या नावावर म्हणून पहिल्या ओळीत मालक या रकान्यात सासऱ्यांचं नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली, पाच पानं, वरपासून खालपर्यंत, ‘वरीलप्रमाणे’. दप्तरखान्यात हीच शिस्त होती. एकदा लिहिलेलं पुन्हा लिहायचं नाही; हात दुखतो, जागा जाते. दाबयंत्राचं वर्णन तिने केवढं प्रेमाने केलं होतं! ‘पुस्तकबांधणीचे लोखंडी यंत्र, दोन पाट्या, वर फिरवायचे चाक, आट्यांना तेल दिलेले, खालच्या पाटीला डाव्या कोपऱ्यात टवका.’ एवढं सगळं लिहून हात पुढच्या रकान्यात सरकला आणि न थबकता लिहून मोकळा झाला. कुणी तिचा हात धरला नव्हता, कुणी दटावलं नव्हतं. सासरे तर शेजारच्या खोलीत घोरत होते. तिने स्वतः, सुवाच्य अक्षरात, स्वतःची वस्तू सासऱ्यांना देऊन टाकली होती आणि वर शाबासकी घेतली होती. चिडावं तरी कुणावर? समोर एखादा बदमाश असता तर बरं झालं असतं. इथे समोर फक्त तिचं अक्षर होतं, आणि ते सुंदर होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पुन्हा तोच गठ्ठा. महिनाभर ती दोनशे वर्षांपूर्वीच्या एका न्यायसभेचे कागद उलगडत होती, सगळे विधवांच्या दाव्यांचे. तेव्हाचा कायदा सरळ होता, म्हणजे सुरी सरळ असते तितका. नवरा गेला की घरदार त्याच्या भावांचं. बाईचं फक्त तिला लग्नात मिळालेलं, आणि त्यातही तेवढंच, जे तिने सगळ्या घरासाठी वापरलेलं नाही. वापरलं की ते घराचं झालं. म्हणून त्या याद्यांत सारखं येत राहायचं: चादर, घडी न मोडलेली. सुरी, धार न लावलेली. पेटी, कुलूप न उघडलेली. पहिल्या आठवड्यात तिला या बायकांची कीव आली होती. चाळीस चाळीस वर्षं संसार केला आणि एक चादर अंथरली नाही! थंडीत कुडकुडल्या असतील, पोरांना फाटक्यात निजवलं असेल, पण चादरीची घडी मोडली नाही, कारण कुणीतरी, बहुतेक आईनेच, कानात सांगून पाठवलेलं की वापरू नकोस, गं, वापरलंस की गेलं. आता कीव आली नाही. आता वाटलं, शहाण्या होत्या. वेडी ती, नालबंदाची विधवा, जिचा कागद आज सकाळी ओल्या फडक्याखाली मऊ पडत होता. तिच्याकडे तांब्याचं एक मोठं भांडं होतं. तिचे जबाब लिहिणाऱ्या कारकुनाला ती मनातल्या मनात तिरक्या म्हणायची, कारण त्याची प्रत्येक ओळ वारा लागल्यासारखी उजवीकडे कलायची. तिरक्याने लिहिलं होतं: भांडे कोणी दिले? आईने. कोणास दिले? मला. त्यात पाणी कोणासाठी तापत असे? सगळ्यांसाठी, घरात थंडी फार. पुढे त्याने निकाल एका शब्दात लिहिला होता: घरचे. आणि त्याच्या खाली परात, पाटा, दिवा, दोन गाद्या, पाळणा, आणि प्रत्येकासमोर ‘वरीलप्रमाणे’. त्यांचं तर त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. पाळण्याचं काय विचारायचं राहिलं होतं म्हणा. पाळणा कुणी स्वतःसाठी वापरत नाही. तिरक्याला मनसोक्त शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं, आणि मग स्वतःची पाच पानं आठवली. तिरक्याचाही हात दुखत असेल.

कागदाच्या तळाशी आणखी दोन ओळी होत्या. नालबंदाच्या धाकट्या भावाने भर सभेत सांगितलं होतं की भांडं वहिनीला ठेवू द्यावं, दया म्हणून. आणि शेजारी बाईचा अंगठा, काळा, पसरलेला, आणि तिरक्याच्या हातचं: ‘उपकार मान्य’. विभागप्रमुखांना हा कागद फारच आवडला. पुढच्या महिन्यात प्रदर्शन होतं आणि त्यांना काचेच्या पेटीत काहीतरी आशादायक हवं होतं.

“खाली एक ओळ टाका,” ते म्हणाले. “विधवेला तिचे भांडे परत मिळाले. लोकांना वाटतं तेव्हा सगळा अंधारच होता.”

“परत नाही मिळालं, सर. दया म्हणून मिळालं. तिचं नाही, असं ठरवून मग दिलं.”

“पण घरी भांडं घेऊनच गेली ना?”

“गेली.”

“मग झालं तर! तुम्ही ना, मॅडम, फार खोलात शिरता.”

खोलात शिरायचा तिला पगार मिळत होता, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ते पुढच्या टेबलाकडे गेले आणि ती अंगठ्याकडे बघत बसली. तिला बाईचाच राग आला. कशाला उठवलास गं अंगठा? सगळ्यांदेखत म्हणायचं होतंस, ठेवा तुमचं भांडं. मग तिला बाईच्या घरातली थंडी आठवली, आणि तिचा रागही धड पुरा झाला नाही. अलीकडे तिचा कुठलाच राग पुरा होत नव्हता.

वडिलांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. सरसाचा वास, कापडाच्या चिंध्या, आणि मधोमध हे यंत्र, ज्याच्याभोवती फिरताना अंग चोरावं लागायचं. शाळेतून आल्यावर ती शिवलेली पुस्तकं पाट्यांमध्ये रचायची आणि वडील चाक फिरवायचे, शेवटचा फेरा तिला द्यायचे. तो फेरा फिरवताना पुस्तकांतून हवा निघायची, अगदी हलका आवाज, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. लग्न ठरलं तेव्हा वडिलांच्या बोटांनी काम सोडलं होतं आणि दागिने करायची ऐपत नव्हती. “हे घेऊन जा,” ते म्हणाले होते. “हे ज्याच्या घरी आहे त्याला कुणी रिकामं बसवू शकत नाही.” हातगाडीवाला मिळेना म्हणून यंत्र लग्नानंतर दोन दिवसांनी आलं. त्यामुळे ते फोटोत नाही. मावसभावाने वहीत लिहून काढलेल्या भेटवस्तूंत नाही. वही आहे, तिच्यात पाणी प्यायच्या पेल्यांचे सहा संच आहेत, नावानिशी, कुणी दिले ते लिहून. त्यांतला एकही पेला आज शिल्लक नाही, पण त्यांचा पुरावा पक्का आहे. यंत्र चार माणसांनी चढवलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “हे काय धूड आणलंय?” आणि तेव्हापासून ते धूडच. कुणाला नको होतं तोवर ते तिचं होतं. ‘तुझं ते धूड जरा सरकव.’ ‘तुझ्या त्या धुडाला ठेचकाळले.’ सगळी वर्षं तुझं, तुझं. पण मग सासरे पडले, खांदा मोडला, आणि डॉक्टरांनी हात गोल फिरवायला सांगितलं. सासऱ्यांना यंत्राचं चाक सापडलं. रोज सकाळी पन्नास फेरे डावीकडे, पन्नास उजवीकडे, मोठ्याने मोजत. खांदा खरंच बरा झाला, आणि ते आल्यागेल्याला दाखवायला लागले, “हे आमचं यंत्र. याने माझा हात परत दिला.” आमचं! ती स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला तेव्हा चांगलंही वाटायचं, हे कबूल करायला हवं. म्हातारा आनंदात होता. त्याच्या तोंडातून ‘आमचं’ काढून घ्यायला कुणाची जीभ वळणार? पाणी सगळ्यांसाठी तापत होतं, दुसरं काय.

नवऱ्याला तिने एकदा म्हटलं होतं, “बाबांना सांगा ना, ते माझ्या वडिलांचं आहे म्हणून.” तो वर्तमानपत्र वाचत होता. “अगं, काय फरक पडतो? घरातच आहे ना?” भला माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी तिच्या पगाराचा पैसा विचारला नाही, आणि कधी, एकदाही, कुठल्याही गोष्टीत, ती गोष्ट कुणाची आहे हे तोंड उघडून सांगितलं नाही. एका रविवारी ती बाहेर गेली असताना त्याने यंत्राला हिरवा रंग दिला. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. आट्यांतसुद्धा रंग गेला होता. ती आली, बघितलं, तो हातात ब्रश घेऊन लहान मुलासारखा उभा, नाकाला हिरवं. “छान झालंय,” ती म्हणाली. मग तो झोपल्यावर तिने आटे टोकरून साफ केले, आणि हे त्याला कधी कळलं नाही. आता तिला त्याच्याशी भांडायचं होतं. चांगलं कडाकडा, भांडी आदळून. पण तो चौदा महिन्यांपूर्वी, संध्याकाळी साडेपाच वाजता, रस्ता ओलांडायला थांबलेला असताना मरून गेला होता, आणि मेलेल्या माणसाशी भांडताना सगळी वाक्यं आपल्यालाच बोलावी लागतात, त्याचीसुद्धा. काय फरक पडतो? हे बघा ना आता, हा फरक पडतो. त्याची आठवण यायची तेव्हा तिला रडू यायचं आणि त्याच दमात वैतागही यायचा, आणि लोक सांत्वनाला येऊन डोळ्यांकडे बघायचे तेव्हा नेमकं कुठलं चाललंय हे तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी दीर आणि जाऊ आली. बरोबर सामान वाहणारी पाच माणसं आणि त्यांचा मुकादम, खिशाला पावतीपुस्तक अडकवलेला. जावेने येतानाच सगळ्यांसाठी खायला आणलं होतं, आणि आल्या आल्या तिचे दोन्ही हात हातात घेतले. “ताई, किती वाळलात हो!” जाऊ वाईट नव्हती. हीच तर पंचाईत. दिराने कागद काढला, तिने ओळखलं, तिच्या पाच पानांची छायाप्रत. तो सावकाश बोलत होता.

“वहिनी, मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, कागदावर बाबांचं आहे, म्हणजे बाबांचं. दुसरा काही पुरावा असेल तर दाखवा. आहे?”

“मी आहे,” ती म्हणाली.

“हो, पण कागदी?”

“नाही.”

दिराने मान हलवली. मग त्याने जावेकडे बघितलं, जावेने हसून मान हलवली, आणि हे दोघांनी गाडीत ठरवलेलं असणार हे तिला कळलं. “आम्ही काल बोललो,” तो म्हणाला. “सूनबाईलाही समजावलं. तुमचा जीव आहे त्याच्यात, आम्हाला दिसत नाही का? घ्या तुम्ही ते. आमच्याकडून भेट. मी कागदावर लिहूनच आणलंय, म्हणजे पुढे कुणाला शंका नको. फक्त इथे एक सही, मिळालं म्हणून.”

त्याने बोट ठेवलं होतं तिथे, शेऱ्याच्या रकान्यात, लिहिलेलं होतं: ‘दिराकडून वहिनीस सप्रेम भेट.’ अक्षर उजवीकडे कललेलं नव्हतं, सरळच होतं. जाऊ पेन पुढे करून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते, खरेखुरे. खोलीतली सगळी माणसं, मुकादमसुद्धा, आता ही बाई आनंदाने रडेल म्हणून वाट बघत होती. पेन तिच्या हातात आलं. सही केली की यंत्र तिच्या नव्या दोन खोल्यांत येणार, खिडकीपाशी, तिने जागा मोजून ठेवली होती. नाही केली तर? सही करावी, असं तिला वाटलं. मनापासून वाटलं. कोण बघतंय? वस्तू घरी आली की झालं. तो अंगठा किती सहज उठला असेल हे तिला त्या क्षणी हातात, मनगटात, कळलं. पण त्या बाईला रात्री पोरांसाठी पाणी तापवायचं होतं. हिला कशाची थंडी होती? हिला पगार होता, दोन खोल्या होत्या, लिहिता येत होतं. हिच्याकडे सही करण्यासाठी एकही धड कारण नव्हतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त वैताग आला.

“मला भेट नको,” ती म्हणाली.

“म्हणजे?” जाऊ म्हणाली.

“जे माझं आहे ते तुम्ही मला भेट कसं देणार, भाऊजी?”

“वहिनी, शब्दावर काय अडता? वस्तू मिळतेय ना?”

“मिळत नाहीये. होती.”

दिराचा चेहरा पहिल्यांदाच कडक झाला. इतका चांगुलपणा वाया गेल्यावर कुणाचाही होईल. “ठीक आहे. मग हे वादात जाईल. वकिलांच्या गोदामात पडून राहील निकालापर्यंत. वर्ष, दोन वर्षं. तिथे दमट आहे, मी आधीच सांगतो. आणि यादी तुमच्या विरुद्धच आहे, तुम्ही हराल.”

“हरेन कदाचित.”

“कमाल करता, ताई,” जाऊ म्हणाली. आता तिचे डोळे कोरडे होते. “नवीन घरात छान ठेवायचं सोडून गोदामात सडवणार?”

जाऊ म्हणत होती ते खरं होतं. तिने दिराच्या कागदावरची ती ओळ खोडली, एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं, देणारा कोण, घेणारी कोण, कुठल्या वर्षी. पूर्ण लिहिलं. एकही शब्द गाळला नाही.

माणसांनी यंत्राला दोर बांधले. एकाने चाकाला हात घातला तशी ती ओरडली, “चाकाला नको, फिरतं ते! खालून धरा.” ते खालून धरून, कण्हत, एकेक पायरी उतरायला लागले, आणि ती मागोमाग उतरत राहिली, भिंतीला घासू नये म्हणून हात आडवा धरून. तिला रडू येत होतं, रागाचं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. यंत्र जिथे तीस वर्षं उभं होतं तिथून आता माणसाला सरळ चालत जाता येणार होतं. खाली ट्रकशी मुकादमाने पावतीपुस्तक उघडलं, पेन्सिल जिभेला लावली.

“मालक कोण लिहू?” त्याने विचारलं. दीर वरून, खिडकीतून बघत होता. मुकादमाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. “बोला लवकर. रकाना रिकामा ठेवून चालत नाही.”

“माझं नाव लिहा,” ती म्हणाली. “आणि पुढे लिहा, भांडण चालू आहे.”